अठ्ठावीस, पस्तीस की त्रेचाळीस

४ जानेवारी, सकाळ

नवी वही. गेल्या वर्षीच्या वहीत मार्चनंतरची पानं कोरी आहेत, पण ते वर्षच तसं होतं.

यंदा संकल्प एकच आणि पक्का: कॅमेरा घ्यायचा. कोटाच्या खिशात मावेल एवढा छोटा, पण आतला सेन्सर पूर्ण आकाराचा, फुल-फ्रेम. लेन्स एकच, कायमची बसवलेली. काढायची नाही, बदलायची नाही, झूमची भानगड नाही. साठीत माणसाने असं एकनिष्ठ व्हावं.

निमित्त आईचं. काल जेवणं झाल्यावर ती कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, गरम रजईत पाय घालून बसली होती. म्हणाली, ताका, मी गेल्यावर लावायचा माझा फोटो तू काढ. बाबा अचानक गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. कंपनीच्या सहलीतल्या ग्रुप फोटोतून त्यांचं डोकं कापून स्टुडिओवाल्याने खाली कुणाचा तरी काळा किमोनो जोडून दिला. सहलीत बाबांनी घेतलेली होती, ते नाकावर दिसतं. एकोणीस वर्षं आई रोज सकाळी त्या फोटोला हात जोडते. म्हणाली, हात जोडते रे, पण तो माणूस कोण आहे ते मला अजून कळलेलं नाही. माझं तसं करू नका.

घाई डोळ्यांमुळे आहे. डावा डोळा मधोमध गेलेलाच आहे, उजव्यातही डाग धरलाय असं डॉक्टर म्हणाले. या दुखण्यात कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. आईला आपला फोटो आपल्या डोळ्यांनी बघून पसंत करायचा आहे. वर्षभर तरी दिसेल म्हणतात, तेवढ्यात उरक, म्हणाली.

वर्षभर म्हणजे भरपूर वेळ. फेब्रुवारीत कॅमेरा, मार्चात फोटो.

७ जानेवारी

सानाए म्हणाली, अहो, घरात कॅमेरा आहे की.

आहे. अकरा वर्षांचा आहे, वीट आहे, आणि तो डोळ्याला लावला की समोरचा माणूस आरोपीसारखा बसतो. हे सगळं तिला शांतपणे समजावलं. तिने ऐकलं आणि आपला फोन पुढे केला. फोनने फोटो काढतात पावतीचा, नाहीतर हरवलेल्या छत्रीचा. जन्मदात्रीचा नाही. हेही शांतपणे सांगितलं. ती लोणच्यातली पाल्याची जुडी चिरायला निघून गेली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तिला प्रकाशातलं ओ की ठो कळत नाही.

मी छत्तीस वर्षं लेन्सच्या कारखान्यात काढली. पॅकिंग विभागात का होईना. अजूनही जातो, निवृत्तीनंतर अर्ध्या पगारावर. लेन्स माझ्या हातातून गेल्यात, लाखांनी. खोक्यात असल्या म्हणून काय झालं.

११ जानेवारी, रविवार

मियासाकासानच्या दुकानात गेलो. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान, जुने-नवे कॅमेरे ठेवतो. त्याने स्टूल दिलं, चहा दिला.

मामला असा आहे: लेन्स अठ्ठावीस मिलिमीटरची घ्यायची की पस्तीसची. अठ्ठावीसवाला जर्मन आहे, पस्तीसवाला आपल्याकडचा. आकडा लहान तितकं चित्रात जास्त मावतं. अठ्ठावीसमध्ये माणूस, त्याची खोली, खोलीतलं कपाट, सगळं येतं. मात्र चेहऱ्याच्या जवळ नेला की नाक फुगतं. पस्तीस त्यापेक्षा शहाणा. दोघांच्याही किमती ऐकून मी चहा जपून प्यायलो.

आईचं सांगितल्यावर मियासाकासान म्हणाला, कोगुचिसान, खरं सांगू का, चेहऱ्यासाठी हे कॅमेरेच नव्हेत. तुमच्या घरी तो मोठा आहे ना, त्याला लावायला पंच्याऐंशीची लेन्स मी आठवडाभर वापरायला देतो. पैसे नकोत. रविवारी काढा आणि परत आणून द्या.

चांगला माणूस आहे, पण दृष्टी नाही. गिऱ्हाईक स्वतःहून आलंय आणि हा त्याला फुकट परत पाठवतोय. धंदा असाच बसतो. नम्रपणे नको म्हणालो.

२५ जानेवारी

एकूण सदतीस रिव्ह्यू वाचून झाले. वहीत तक्ता केला. अठ्ठावीसची बाजू, पस्तीसची बाजू. दोन्हीकडे अकरा-अकरा मुद्दे झाले. एका मुद्द्याने तरी कमी-जास्त व्हायला हवं होतं.

डोळे जळजळतात. आईचे नव्हे, माझे.

८ फेब्रुवारी

मोठं पाऊल उचललं. कॅमेरा ठेवायचं कपाट आलं. काचेचं दार, आतली हवा कोरडी ठेवणारं यंत्र, आतला दमटपणा किती ते दाखवणारा काटा. लेन्सला बुरशी धरते हे ज्यांना माहीत आहे ते आधी कपाट घेतात, मग कॅमेरा. हौशी लोक उलटं करतात.

कपाट रिकामं आहे, पण काटा बरोबर चाळीसवर उभा आहे. बघून समाधान वाटतं.

१५ फेब्रुवारी

कपाटात सानाएने तांदळाची खारी बिस्किटं आणि समुद्री शेवाळाची पाकिटं ठेवली. जाब विचारला. म्हणाली, अहो, जन्मात एवढी कुरकुरीत राहिली नव्हती, कॅमेरा आला की काढते. आईनेही दोन खाल्ली आणि वा म्हणाली. दोघींपुढे बोलण्यात अर्थ नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आईने पेटीतून तिचा राखाडी-निळा किमोनो काढून वाऱ्यावर टाकला. छातीवर घराण्याचं छोटं चिन्ह असलेला तो. विचारत होती, आज बसू का? केस पण धुतलेत.

बाहेर अंगणभर बर्फ आहे. बर्फावरचा उजेड खालून येतो, हनुवटीखाली पडतो, माणूस भुतासारखा दिसतो. शिवाय कॅमेरा नाही. आईला दोन्ही कारणं सांगितली. ती म्हणाली, हो का, बरं. मग संध्याकाळी किमोनो घडी करत होती. किमोनोची घडी ती हाताने चाचपून घालते, त्याला डोळे लागत नाहीत.

८ मार्च, रविवार

छायाचित्र मंडळाची बैठक. मंडळात आम्ही नऊ जण, त्यात साठीच्या आतला कोणी नाही. यझाकि गुरुजी अध्यक्ष. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आता अठ्ठ्याहत्तर. त्यांना सल्ला विचारला. गुरुजी डोळे मिटून म्हणाले, अठ्ठावीस म्हणजे माणूस खोलीत बसलाय. पस्तीस म्हणजे माणूस तुझ्यासमोर बसलाय.

हे मला कळायला दोन महिने लागले असते. ठरलं, पस्तीस. अंगावरचं ओझं उतरलं. पुढे गुरुजी असंही म्हणाले की आईचा फोटो आहे तर उद्याच काढ, माझ्याकडचा कुठलाही कॅमेरा ने. पण म्हातारपणी माणूस उतावीळ होतो, त्यांचं मनावर घेतलं नाही.

१५ मार्च

पस्तीस कुठेच नाही. बनवतात थोडे, मागणारे फार. टोकियोतल्या मोठ्या दुकानाने सोडत काढली आहे. नाव नोंदवायचं, चिठ्ठी निघाली तर विकत घ्यायचा हक्क मिळतो. पैसे आपलेच, पण हक्कसुद्धा नशिबाने मिळायचा. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही, मलाही नाही.

माणशी एक नाव. म्हणून माझं, सानाएचं आणि आईचं अशी तीन नावं टाकली. सगळेच टाकतात. आईला विचारलं तर म्हणाली, टाक, मला आजवर कधी काही लागलेलं नाही, गावच्या लॉटरीत फक्त रुमाल मिळतो.

३० मार्च

माझं नाही. सानाएचं नाही. आईचं लागलं!

तोकिए कोगुचि, वय चौऱ्याऐंशी, पस्तीस मिलिमीटरची मानकरी. आई दिवसभर खूश होती. शेजारणीला कुंपणावरून सांगत होती की मला टोकियोत काहीतरी लागलंय.

अट एवढीच की ज्याचं नाव लागलं त्याने ओळखपत्र घेऊन स्वतः दुकानात यायचं, सात दिवसांत. नंतर हक्क पुढच्याला. ठीक आहे. रविवारी जाऊ.

५ एप्रिल, रविवार, संध्याकाळ

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला बोल लागणार नाही.

आई पहाटे उठून तो किमोनो नेसून तयार. मी म्हणालो, अगं, आज फक्त आणायचाय. ती म्हणाली, असू दे रे, मिळाल्या मिळाल्या काढशील, परत परत कोण नेसणार. आगगाडीत खिडकीशी बसली. डबा उघडला, कडेचे वाटाणे आणि लोणचं तिला दिसत होतं, मधला भात ती जेवायच्या काड्यांनी चाचपत होती. डाव्या डोळ्याचं झालं तसं उजव्याचंही व्हायला लागलंय वाटतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी फोन वाचत होतो.

फोनमध्ये बातमी होती. जर्मन कंपनी नवा काढणार आहे. त्रेचाळीस! माणसाचा डोळा जग ज्या कोनातून बघतो तो कोन म्हणे बरोबर त्रेचाळीसचा. अठ्ठावीस नव्हे, पस्तीस नव्हे. माझा तीन महिन्यांचा सगळा अभ्यास ज्या उत्तराकडे जात होता ते उत्तर बाजारातच नव्हतं, म्हणून मला सापडत नव्हतं.

दुकानात चौथ्या मजल्यावर रांग. आईने आपलं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं. पांढरे हातमोजे घातलेल्या पोराने नाव विचारलं, आईने खणखणीत सांगितलं. त्याने अभिनंदन केलं, खोकं दोन्ही हातांनी पुढे ठेवलं, उघडून दाखवू का विचारलं. मी दहा मिनिटं मागून घेतली.

जिन्यात उभा राहून विचार केला. आज पस्तीस घेतला आणि महिन्याभरात त्रेचाळीस आला तर? आईचा फोटो एकदाच निघणार. तो चुकीच्या लेन्सने निघाला तर तसाच वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार. हा माझ्या हौसेचा प्रश्न नाही, हा जबाबदारीचा प्रश्न आहे.

परत येऊन नको म्हणालो. तो पोरगा आईपुढे वाकला आणि खोकं आत घेऊन गेला. मागच्या माणसाचा चेहरा असा उजळला की बघवेना.

खाली येईपर्यंत आईने कार्ड हातातच धरलं होतं. रस्त्यावर आल्यावर विचारलं, ताका, माझं कार्ड चुकलं का रे? मी नाव नीट सांगितलं ना? मी म्हणालो, तू बरोबर सांगितलंस. मग त्रेचाळीसचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मोठा आकडा आहे तर चांगलाच असेल.

परतीच्या गाडीत तिने हात मांडीवर ठेवून झोप काढली. फार दमलो. निर्णय बरोबर होता.

६ एप्रिल

सानाए माझ्याशी फक्त जेवायला या एवढंच बोलली.

१९ एप्रिल

चेरी फुलली. फुलाखाली बसवावं म्हटलं तर उजेड गुलाबी पडतो आणि माणसाला ताप आल्यासारखं दिसतं. मोठ्या कॅमेऱ्याने शेजारच्या मांजरावर करून बघितलं. मांजर छान आलं, पण मांजराचं वेगळं असतं.

सानाए आईला इस्पितळात घेऊन गेली. डोळ्यात सुई देतात. आई परत आल्यावर म्हणाली, सुईचं काही नाही, पण ती येताना दिसते त्याचं आहे. आम्ही हसलो. मग म्हणाली, खरं म्हणजे या वेळी तीही नीट दिसली नाही.

१० मे, रविवार

त्रेचाळीस जाहीर झाला. किंमत जाहीर झाली. एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

१७ मे, रविवार

मियासाकासानने ओळखीतून एक त्रेचाळीस दोन तासांसाठी मागवून ठेवला होता. हातात घेतला. देखणा आहे. पण खिशात घातला तर कोट एका बाजूला कलला. माझ्या सगळ्या तक्त्याचा पाया म्हणजे छोटेपणा, आणि हा छोटा नाही. मग अकरा वर्षांच्या विटेने काय पाप केलं होतं? मियासाकासान म्हणाला, तेच तर मी जानेवारीत म्हणत होतो. लोकांना मी म्हटलं होतं असं म्हणायला फार आवडतं.

दोन तासांत त्या त्रेचाळीसने दुकानातल्या घड्याळाचे आणि फडताळाचे एकशे चार फोटो काढले. आई घरी होती. तिला बरोबर न्यावं हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

१४ जून

पावसाळी ओल. जूनमध्ये लेन्स घेणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. माहितगार माणूस जूनमध्ये काही घेत नाही. विश्रांती.

५ जुलै, रविवार

तीन वाजताच्या चहाला आईने किटलीतून चहा ओतला, तो सगळा कपाच्या अलीकडे टेबलावर. सानाएने फडकं आणलं. आई हसत होती. म्हणाली, कप कडेला ठेवा गं, मधे ठेवला की तो मला मिळत नाही. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, तुझंही तसंच झालंय. कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी एक मळकट ढग. मान तिरकी केली की जरा सापडतोस.

मी बशीतलं लोणचं खात राहिलो. मला भीती वाटली. ती काय सांगतेय हे मला पूर्ण कळलं, आणि तरी मी तिला विचारलं की आजचा चहा कोणता आहे.

नंतर स्वयंपाकघरात सानाएने मला गाठलं. म्हणाली, आज काढा. आत्ता. फोनवर काढा, विटेवर काढा, पेन्सिलीने काढा, पण आज काढा. मी म्हणालो, घाबरून जाऊन कामं बिघडतात. ती म्हणाली, अहो, तुम्ही घाबरलाय म्हणूनच काढत नाही. फोटो काढला की आई जाणार हे मान्य केल्यासारखं होतं, म्हणून आकडे मोजत बसलाय.

हे तिने कुठल्या तरी मासिकात वाचलं असणार. रागाने बाहेर जाऊन तळ्याकाठी एक फेरी मारली. परत आल्यावर ऊन उतरलं होतं, म्हणून काढता आला नाही.

१३ ऑगस्ट

पितरांचे दिवस. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, बाबा त्याच्यावर बसून येतात. आई त्यांच्या फोटोपुढे बसून बोलत होती, मी दाराबाहेर होतो. सांगत होती, माझा काढायचाय हं अजून, ताका बघतोय, चांगलं काहीतरी बघतोय, तो लहानपणापासून असाच, चप्पल घ्यायला नेलं की संध्याकाळ करायचा. तुम्ही जरा थांबा.

पुरे झालं. या महिन्यात घेणार म्हणजे घेणार. कुठलाही.

३० ऑगस्ट

कुठलाही म्हणजे तरी काही निकष हवेतच.

१३ सप्टेंबर, रविवार

घेतला!

मियासाकासानकडे कोणीतरी पस्तीस विकून गेलं होतं. शेऱ्यात लिहिलेलं, जवळजवळ नवा. ज्याने विकला त्याने म्हणे त्रेचाळीस घेतला. टोकियोच्या रांगेत आमच्या मागे उभा होता तोच हा असं मला वाटत राहिलं, पण तसं काही नसणार. मियासाकासानने खोकं बांधताना एवढंच म्हटलं, कोगुचिसान, आता घरी जाऊन काढा.

कपाटातून बिस्किटं काढली. आत पस्तीस ठेवला. काटा चाळीसवर. काचेतून फार सुंदर दिसतो.

२० सप्टेंबर

कॅमेऱ्याच्या पडद्याला लावायची पारदर्शक फिल्म लावली. आत एक बुडबुडा राहिला. काढली. नवी मागवली. कातडी पट्टा आणि अर्धं कव्हर क्योतोचा एक कारागीर हाताने शिवतो, त्याला तीन आठवडे लागतात. उघडा कॅमेरा वापरला की चरे पडतात. आईला सांगितलं, आलाय. तिने हातात घेऊन चाचपला. म्हणाली, एवढासाच? मग एवढे महिने कशाला?

२७ सप्टेंबर, रविवार

तपासणी. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवायचं, कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता येतात का बघायचं. हे केल्याशिवाय लेन्सवर विश्वास टाकायचा नसतो. खालचा उजवा कोपरा मऊ आला. हवामानाचा अंदाज वाचता येत नाही.

झोप उडाली. परत करावा का?

४ ऑक्टोबर

यझाकि गुरुजी घरी येऊन पान बघून गेले. म्हणाले, तुझं वर्तमानपत्र वाकडं लागलंय. पान सरळ लावल्यावर कोपरा स्वच्छ आला. गुरुजी जाताना आईशी बोलायला बसले. तिच्या अगदी जवळ, पण जरा बाजूला सरकून बसले, म्हणजे तिला ते दिसावेत. हे त्यांना कसं सुचलं कोण जाणे.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज काढला. शेवटी माझा शब्द मी खरा केला.

सकाळी नऊला सानाएने आईला किमोनो नेसवला, कमरेचा पट्टा बांधला. ओठाला अगदी थोडा रंग लावला. उत्तरेच्या खिडकीतला उजेड, ढगाळ, एकसारखा. जानेवारीपासून मी अशाच उजेडाची वाट पाहत होतो. सानाए म्हणते असा उजेड महिन्यातून वीस दिवस असतो.

अंतर टेपने मोजलं. दोनशे बारा फोटो काढले. आई न कंटाळता बसली. अधूनमधून विचारत होती, कुठे बघू? तू कुठे आहेस? मी सांगत होतो, समोरच आहे. सव्वा तास झाल्यावर म्हणाली, ताका, पाठ दुखते रे आता. तेव्हा थांबलो.

नंतर संगणकावर एकेक मोठा करून तपासला. फोकस पापण्यांवर पाहिजे. दोनशे बारांत एकशे अठ्ठेचाळीसावा सर्वांत अचूक. उजव्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतात. छातीवरच्या चिन्हाचा धागा न् धागा. चारही कोपरे स्वच्छ. असा फोटो आमच्या मंडळात कोणी काढलेला नाही.

मोठ्या आकारात छापायला दिला.

१ नोव्हेंबर, रविवार

छापून, चौकटीत बसवून आला. सानाएने चहा केला होता, नाशपाती कापली होती. फोटो आईच्या मांडीवर ठेवला.

तिने तो जवळ घेतला, लांब धरला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. बराच वेळ. मी शेजारी बसून वाट पाहत होतो. मला वाटलं, आता म्हणेल.

म्हणाली, बाही किती छान पडलीय गं सानाए. चटईची वीण बघ, काडी न् काडी आलीय. खिडकीची चौकट पण आलीय कडेला. कॅमेरा खरंच चांगला आहे हो.

मग बोट मधे नेऊन काचेवर ठेवलं. म्हणाली, इथे मला काही दिसत नाही रे. मी इथेच आहे ना? मी हो म्हणालो. तिने विचारलं, मी हसतेय का?

मला सांगता येईना. तो फोटो मी दोन आठवडे रोज बघितला होता. पापण्या किती हे मी सांगू शकलो असतो. कोपऱ्यात चटईच्या किती काड्या आल्यात तेही. हसतेय की नाही हे मी बघितलंच नव्हतं. चष्मा आणतो म्हणून उठलो. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. सानाएने तो बघितला.

चौकट खिडकीशी नेली आणि पहिल्यांदा आईचा चेहरा बघितला. हसत नव्हती. मान जराशी तिरकी होती आणि नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, थोडी बाजूला होती. ती मला शोधत होती. दोनशे बाराच्या दोनशे बारा फोटोंत तसंच असणार, आता संगणक उघडून बघवत नाही. फेब्रुवारीत ती केस धुऊन बसली होती तेव्हा तिने सरळ माझ्याकडे बघितलं असतं.

परत येऊन तिच्या शेजारी बसलो. सांगितलं, हो आई, हसतेयस. थोडंसं.

म्हणाली, मग झालं तर. हाच लाव. आणि नाशपाती कुठेय ते विचारलं. मी बशी तिच्या हाताशी, कडेला सरकवली.